बागेचं वेळापत्रक फाटकावर लावा

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
आणि शहरातल्या सर्व तालमी, तरुण मंडळं, महिला मंडळं व सकाळी फिरायला जाणारे ग्रुप यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका छोट्या बागेत कुणीतरी पत्रा ठोकला : 'बागेत क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई आहे.' त्यावर शिक्का नाही, ठरावाचा नंबर नाही, कुणाचं नाव नाही. पण पत्रा लागला आणि पोरं बागेबाहेरच्या रस्त्यावर खेळायला लागली. तो रस्ता उताराचा आहे आणि वळणावर वरून येणारी गाडी दिसत नाही. विटा रचून केलेल्या स्टंपांच्या मागून दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटारसायकल सुसाट निघून जाते तेव्हा आमच्यासारख्या आयांचा जीव कसा होतो, ते त्या वयाची मुलं घरात असलेल्यांना सांगायला नको.

पत्रा लागण्याचं कारणही खोटं नव्हतं. टेनिस बॉल लागून एका आजोबांचा चष्मा फुटला होता. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांची सून बागेत येऊन जे बोलली, ते तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. आणि ज्या पोरानं बॉल मारला होता, ते बिचारं भीतीनं घराबाहेर पडेना. आजोबांचं काय चुकलं? चालायला म्हणून केलेल्या वाटेवर ते चालत होते. पोराचं तरी काय चुकलं? शाळा सुटल्यावर बागेतच तर आलं होतं. दोघं एका वेळी एका जागेत होते आणि त्यांची वेळ वेगळी लावून देणारं कुणी नव्हतं.

या पत्रातून मला एकच गोष्ट मागायची आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक सार्वजनिक बागेचं आणि मैदानाचं वेळापत्रक असावं, ते तिथं येणाऱ्या माणसांसोबत बसून ठरवावं आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत लावावं. कुठल्या वेळेला, कुठल्या कोपऱ्यात, कोण. आज ते नाही, म्हणून ज्याचा आवाज मोठा आणि ज्याच्या मागं माणसं जास्त, त्याची बाग होते. बाकीचे कुरकुरत घरी जातात, आणि हळूहळू यायचेच बंद होतात.

नवीन जागा मिळतील या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. शहराचं क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेला लोकसंख्या 5,49,236, आणि त्यानंतर किती अपार्टमेंट उभी राहिली ते आपण रोज बघतो. पेठांतल्या वाड्यांची परडी गेली, इमारतीखालची मोकळी जागा पार्किंगला गेली, गल्लीत दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या. रंकाळ्याचा काठ, पदपथ उद्यान, महावीर उद्यान, हुतात्मा पार्क, टाउन हॉलची बाग, गांधी मैदान, दुधाळी, तपोवन, मेरी वेदर आणि कॉलन्यांमधले हे छोटे छोटे तुकडे, एवढ्यातच साडेपाच लाखांहून जास्त माणसांनी भागवायचं आहे.

आणि भागू शकतं. आमच्या बागेचाच एक दिवस बघा. पहाटे पाचला चालणारे येतात. त्यानंतर योगवर्ग, त्याच्या शेजारी हास्यक्लब. आठ-साडेआठला बाग मोकळी होते. दहाला फाटकाला कुलूप लागतं ते चारपर्यंत. साडेपाच ते साडेसात मात्र सगळेच एकदम : चिमुरडी घसरगुंडीवर, त्यांच्या आया कठड्यावर, थोरली पोरं बॅट घेऊन, संध्याकाळी चालणारे कानात हेडफोन घालून, बाकावर आज्या, ओपन जिमवर कॉलेजची पोरं, आणि नेमकं त्याच वेळी माळीदादांचं पाणी मारणं सुरू. पाइपचं पाणी घसरगुंडीच्या पायथ्याला साचतं आणि तिथं चिखल होतो. मुलं घसरून थेट त्या चिखलात उतरतात, म्हणून आया त्यांना घसरगुंडीवर सोडत नाहीत, म्हणून ती चालायच्या वाटेवर पळतात, म्हणून चालणारे ओरडतात. पाणी मारायची वेळ बदलली असती तर यातलं निम्मं भांडण झालंच नसतं. माळीदादांना दोष देण्याचा यात प्रश्नच येत नाही. त्यांची ड्युटीच तशी लावलेली. एकटा माणूस दोन-तीन बागा बघतो.

दुपारच्या कुलपाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ज्यांना ते खुपतं त्यांचा ग्रुपही नसतो आणि निवेदनही नसतं. आमच्या भागात घरकामाला येणाऱ्या बायका सकाळची दोन घरं आटोपून दुपारच्या घराची वाट बघत कुठं बसतात, ते कधी पाहिलंत का? बंद दुकानाच्या पायरीवर. डबा तिथंच खातात. समोर बाग, आत गुलमोहराची गार सावली, आणि फाटकाला कुलूप. बांधकामावरची माणसं, पार्सल पोचवणारी पोरं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आणि अभ्यासिकेची फी न परवडणारी मुलं, या सगळ्यांची बागेत यायची वेळ दुपारची. मोकळी जागा दुपारी काय कामाला येते ते सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर बघावं. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकांना दवाखान्यात दिवसभर बसायला जागा नसते. टाउन हॉलच्या झाडांची सावली हाच त्यांचा आसरा. भाकरीचं गाठोडं सोडून दोन घास खावेत आणि पुन्हा वॉर्डाकडं जावं, यासाठी सावली लागते. शहरातली कुठलीही बाग दुपारी बंद ठेवायचं ठरवताना या माणसांचा विचार आधी व्हायला हवा. दुपारी गैरप्रकार होतात म्हणून कुलूप, असं उत्तर मिळतं. माझा अनुभव उलटा आहे. बाग रिकामी असते म्हणून गैरप्रकार होतात. जिथं दहा बायका डबा खात बसल्यात, तिथं बाटली घेऊन बसायला कुणी धजत नाही.

आता मुलींचं. माझी मुलगी आठवीत आहे आणि फुटबॉल खेळते. या शहराला फुटबॉलचं वेड किती, ते मी कुणाला सांगावं? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की अख्ख्या पेठा गॅलरीत असतात. कोल्हापूरच्या मुलीही राज्याच्या संघातून खेळतात. पण शाळेच्या संघाबाहेर, रोज संध्याकाळी, घराजवळच्या मैदानात मुलींनी खेळायचं म्हटलं की गोलपोस्टच्या मागची, दगडगोट्यांची पट्टी त्यांच्या वाट्याला येते. मधली चांगली जागा आधीच धरलेली. मुलं वाईट वागतात असं अजिबात नाही. "ताई, अर्ध्या तासात आमचं संपतंय, मग घ्या की," असं म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण अर्ध्या तासानं अंधार पडतो. मुलींना सातच्या आत घरी यायला सांगितलेलं असतं. मग एक-एक मुलगी येईनाशी होते, आणि नंतर आपणच म्हणतो की मुलींना खेळायची आवड नाही. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी साडेपाच ते साडेसहा मधलं मैदान मुलींचं, एवढी एक ओळ फाटकावर लिहिलेली असेल तर त्यांना कुणाकडं गयावया करावी लागणार नाही.

मैदानांवर दुसरा भार असतो तो प्रदर्शनांचा, सभांचा, मेळ्यांचा. हे होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. मेरी वेदरवर शेतीचं प्रदर्शन लागतं तेव्हा गावाकडून माणसं बैलजोड्या आणि अवजारं बघायला येतात, मलाही जायला आवडतं. गांधी मैदानावरच्या सभा हा शिवाजी पेठेच्या इतिहासाचाच भाग आहे. पण मांडव उतरल्यावर खड्डे, खिळे, तारेचे तुकडे मागं राहतात, आणि अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायात जातात. मैदान भाड्यानं देताना जी अनामत घेतली जाते ती मैदानावर खेळणाऱ्यांनी "हो, खड्डे बुजले, खिळे वेचले" असं लिहून दिल्याशिवाय परत देऊ नये. वर्षातले किती दिवस मैदान कार्यक्रमांना जाणार ते जूनमध्येच जाहीर करून टाकावं. परीक्षा संपल्यावरची मे महिन्याची सुट्टी तरी पोरांसाठी मोकळी ठेवावी. आणि पावसाळ्यात मैदानाला विश्रांती द्यावी. गांधी मैदान ज्या जागी आहे तिथं पूर्वी वरुणतीर्थाचं तळं होतं, पाऊस लागला की पाणी अजूनही आपली जागा शोधत येतंच. अशा ओल्या मातीवर ट्रक घातले तर वर्षभर ती उखणलेलीच राहते.

"वेळापत्रक लावाल, पण पाळणार कोण? कोल्हापूर आहे हे," असं मला एकानं विचारलं. कोल्हापूर आहे म्हणूनच पाळलं जाईल, असं माझं म्हणणं आहे. तालमीत लहान पोरांची वेळ वेगळी आणि मोठ्या पैलवानांची वेगळी. वस्तादांनी सांगितल्याशिवाय हौद्यात कुणी उतरत नाही. केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, फुटबॉल लीगचं वेळापत्रक लागलं की 16 संघांच्या पेठा त्याप्रमाणं आपले लग्न-मुंज-जत्रेचे बेत जुळवतात. ज्यांची शेती करवीर-कागलकडं आहे त्यांना पाण्याची पाळी माहीत आहे. रात्री दोनला पाळी आली तरी माणूस बॅटरी घेऊन शिवारात जातो, आणि पाळी संपली की शेजाऱ्याला हाक मारून पाणी सोडतो. भाऊबंदकीत कोर्टात भांडणारे दोघं पाण्याच्या पाळीला मात्र सरळ वागतात, कारण ती सगळ्यांसमोर ठरलेली असते. बागेतही तेच करायचं आहे.

आणि अलीकडचंच उदाहरण घ्या. गणपती विसर्जन पंचगंगेत आणि रंकाळ्यात न करता इराणी खणीत, म्हणजे दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात करायचं, हा विषय निघाला तेव्हा किती वाद झाले. भावना दुखावतील, मंडळं ऐकणार नाहीत, मिरवणुकीचा मार्ग जमणार नाही. आज कितीतरी मोठ्या मंडळांच्या मूर्ती खणीकडं जातात आणि घरोघरचे लोक मूर्ती दान करतात. एक सोय केली, ती सगळ्यांना सारखी लागू केली, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं.

त्याही मागं जायचं तर 1919 साली शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम काढले. सार्वजनिक जागेत कुणी कुणाला मज्जाव करायचा नाही, हे या शहरानं एवढ्या लवकर ऐकलेलं आहे. खासबागचं कुस्ती मैदान 1912 मधलं. त्याची रचना बघा : मध्ये खोलगट आखाडा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या पाठीआडून वाकावं लागू नये, कुस्ती स्पष्ट दिसावी, याचा विचार बांधतानाच केलेला. ज्यानं आधी येऊन जागा धरली त्यालाच दिसणार, असं महाराजांनी ठेवलं नाही.

आयुक्तसाहेब, आता कामाचं बोलते. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बगीचे आणि क्रीडांगणं ही शहराच्या स्थानिक संस्थेकडं द्यायच्या विषयांत नोंदली गेली. म्हणजे हा विषय सोडवायला मुंबईकडं बघायची गरज नाही. सुरुवातीला शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सहा जागाच घ्या. एक रंकाळ्याकाठची, एक मोठं मैदान, एक-दोन कॉलनीतल्या बागा, एक पेठेतली. प्रत्येक ठिकाणी बागेतच बैठक लावा. कार्यालयात लावलीत तर ज्यांना सवय आहे तेच येतील. बैठकीला आजोबा-आजी असावेत, मुलं असावीत, मुली असाव्यात, घरकाम करणाऱ्या बायका असाव्यात, माळी आणि रखवालदार तर हवेतच. बागेचं सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. जे ठरेल ते तीन महिने चालवून बघायचं आणि मग पुन्हा बसायचं. उन्हाळ्याचं, पावसाळ्याचं आणि परीक्षेच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. फलकाखाली उद्यान विभागाचा एक फोन नंबर आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असावं, म्हणजे यापुढं बेवारशी पत्रे ठोकायची कुणाला गरज पडणार नाही.

काही बाबतींत तर नियम आधीच तयार आहेत, ते फक्त फलकावर उतरवायचे आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. पहाटे साडेपाचला स्पीकरवर चालणारा वर्ग आणि रात्री बाराला केक कापून गाणी लावणारी पोरं, दोघांनाही तो सारखाच लागू. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून तर बागेत रोज रामायण. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत याचं उत्तर आहे : खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून लांब ठरवायची, आणि मुलं व ज्येष्ठ नागरिक कधी ये-जा करतात ते बघून वेळ ठरवायची. जागा आणि वेळ वाटून घ्या, असं कायदाच सांगतो. आणि दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकात जे लोखंडी पाइप आडवेतिडवे लावलेले असतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही. आमच्या शेजारच्या काकू या एका पाइपमुळे बागेबाहेरच थांबतात, त्यांचा नातू आत खेळून येतो. बाजूला एक रुंद फाटक ठेवून त्याची किल्ली रखवालदाराकडं दिली तरी काम होईल.

तालमींच्या आणि मंडळांच्या दादांनो, तुमच्याशिवाय हे होणार नाही. महापुरात सगळ्यात आधी बोट घेऊन उतरता तुम्ही, रक्तदान शिबिरं तुम्ही भरवता. मैदानावर तुमचा शब्द चालतो. तो एकदा मुलींच्या तासासाठी, छोट्या पोरांच्या कोपऱ्यासाठी खर्ची घाला. तुमच्यातल्या दोघांनी साडेपाचला येऊन "आता मधलं मैदान मुलींचं" एवढं म्हटलं, तर कुठल्याही रखवालदाराच्या शिट्टीपेक्षा ते जास्त ऐकलं जाईल. कोचिंग चालवणाऱ्यांनाही विनंती. तुम्ही पोरं घडवता, फी घेता, त्यात वावगं काही नाही. पण सार्वजनिक मैदानावर शिकवत असाल तर त्या भागातल्या काही गरीब मुलांना बिनफीचं शिकवावं आणि मैदानाच्या रोलिंगचा, पाण्याचा भार थोडा उचलावा.

सकाळी फिरायला जाणाऱ्या काका-काकूंनो, तुमच्यामुळं बागा जिवंत आहेत हे मान्य. झाडांना पाणी घालणारे, कचरा उचलणारे तुमच्यातलेच असतात. पण संध्याकाळची वेळ मुलांची आहे. त्यांना तेवढीच मिळते. शाळा, क्लास, होमवर्क यातून वाचलेला तास ते पळण्यात घालवत असतील तर आपण वाटेच्या कडेनं चालू या. तुम्हाला सकाळ आहे, त्यांना सकाळ नाही. आणि मुलांना नियम समजत नाहीत असं समजू नका. बॉल फक्त जाळीच्या बाजूनं, सीझन बॉल बागेत आणायचा नाही, आजोबांच्या वाटेवर पळायचं नाही, हे बैठकीत त्यांनी स्वतः ठरवलं तर ते पाळतील. मी मुलांना हे विचारून पाहिलंय. त्यांनी माझ्यापेक्षा कडक नियम सांगितले.

आमच्या भागातली पहिली बैठक आपण म्हणाल त्या रविवारी लावायला आम्ही तयार आहोत. सतरंज्या, चहा आणि फळ्याचं आम्ही बघतो. उद्यान विभागाचा एक जबाबदार अधिकारी आणि बागेचा नकाशा एवढं आपल्याकडून हवं. वेळ फक्त संध्याकाळी पाचनंतरची ठेवा, म्हणजे कामावरून सुटलेल्या बायकांना येता येईल. मुलांनाही निरोप दिलेला आहे.

आपली,
संभाजीनगर परिसरातली एक रहिवासी
कोल्हापूर